मोहबोडीची तार

सरिताला हे काम मिळालं ते तिच्या कोऱ्या चेहऱ्यामुळं. पुण्याच्या एका संस्थेची माणसं भंडाऱ्याला आली होती. पवनीकडच्या नव्या अभयारण्याला लागून जी गावं आहेत, तिथल्या लोकांना रानातल्या जनावरांबद्दल, शिकारीबद्दल, हौसेनं गळ टाकून मासे धरणाऱ्यांबद्दल काय वाटतं, ते घरोघरी जाऊन विचारायचं होतं. पासष्ट प्रश्न होते. प्रत्येक घरात एक पुरुष आणि एक बाई, दोघांना वेगवेगळं बसवून विचारायचं.

रुचिका नावाची तरुण संशोधक या कामासाठी निवडलेल्या बायांना शिकवत होती. ती पुन्हापुन्हा बजावायची, “समोरचा काहीही सांगू दे, तुमच्या तोंडावर रेघ उमटता कामा नये. तुम्ही हसलात की तो तुम्हाला खूश करायला बोलतो. दचकलात की गप्प बसतो.”

सरावात बाकीच्या बाया हमखास फसायच्या. एकीनं खोटंखोटं शेतकरी होऊन ‘मी मागच्या महिन्यात मोर खाल्ला’ म्हटलं की सगळ्या खिदळायच्या. सरिता तेवढी खाली मान घालून लिहायची, ‘मोर, एक.’

“ताई, तुम्हाला हे जमतं कसं?” रुचिकानं एकदा विचारलं.

“सवय आहे,” सरिता म्हणाली.

सवय दहा वर्षांची होती. तिचा नवरा अतुल वरठीच्या लोखंडाच्या कारखान्यात फिटर होता. सहा दिवस भट्टीच्या तोंडाशी काम करायचं आणि सातव्या दिवशी गळ घेऊन निघायचं, हा त्याचा नेम. मासे विकायचे नसत, घरी आणायचेही फारसे नसत. अर्धे तर तो तिथंच पाण्यात परत सोडून द्यायचा. ‘भट्टी पाहू पाहू डोळे भाजतात, थोडं पानी पाहून येतो,’ म्हणायचा. भंडारा-पवनीकडचे सगळे तलाव त्याला ठाऊक होते आणि तलाव राखणाऱ्या ढिवरांना, तिथल्या मासेमारांना, तो.

२००९ सालच्या दिवाळीनंतरच्या रविवारी तो पहाटे चारला मोटारसायकल घेऊन निघाला. दहा वाजता फोन आला. आसगावच्या पलीकडं मोहबोडी म्हणून खेडं आहे, तिथल्या तलावात त्याचं प्रेत सापडलं. पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, त्याची पिशवी होती, गळ होता आणि देशी दारूची अर्धी बाटली होती. प्रेताची तपासणी झाली. पोटात, छातीत पाणी होतं. बुडूनच मेला असं कागदावर आलं. पायाच्या घोट्याजवळ कातडी गेली होती, ती खेकड्यांनी कुरतडली असेल म्हणून कोणी तिकडं फार पाहिलं नाही.

अतुल मेला त्याचं दुःख सरितानं सोसलं असतं. तिला सोसली नाही ती बाटली. सासरे आनंदराव पंचशील पाळणारे. छप्पन सालच्या दीक्षेला बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला गेलेले. विहारात दर पौर्णिमेला दारूच्या विरोधात तेच बोलायचे. त्या रविवारनंतर ते विहारात मागच्या भिंतीला टेकून बसू लागले, आणि तीन वर्षांनी खालमानेनंच गेले. लेक दीपमाला तेव्हा चार वर्षांची होती. शाळेत गेल्यावर पोरं तिला ‘बेवड्याची पोरगी’ म्हणायची. सरिता घसा फोडून सांगायची, अतुल दारूला शिवत नव्हता, आणि वैनगंगेच्या काठी वाढलेला माणूस तलावात बुडत नाही. लोक मान हलवायचे. मान हलवण्याची तऱ्हा अशी की तिनं पुढं सांगणंच सोडून दिलं.

आणि एक गोष्ट होती. तिसऱ्या दिवशी मोहबोडीचा एक मोठा शेतकरी जीप घेऊन घरी आला होता. अतुलची मोटारसायकल त्यानं गड्याकडून आणवली होती, सोबत एक पोतं तांदूळ होता. ‘आमच्या तलावात तुमचा मानूस गेला, आमाले वाईट वाटते,’ म्हणाला. पदर पुढं ओढून बसलेल्या सरितानं उठून त्याच्या पायावर डोकं ठेवलं होतं. तो तांदूळ त्यांनी दोन महिने खाल्ला.

गावांची यादी आली तेव्हा तिच्यात मोहबोडी होतं. “हे गाव आडबाजूला आहे, कोण जाईल?” रुचिकानं विचारलं. सरितानं हात वर केला. का केला, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं. तो तलाव तिनं कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, एवढंच.

सगळ्या बाया आसगावला एका भाड्याच्या घरात उतरल्या होत्या. सरिता सकाळी स्कूटीवर मोहबोडीला गेली. तलाव पाहिला. कमळं होती, एक म्हातारा जाळं झटकत होता. तिला वाटलं होतं रडू येईल, आलं नाही. मग तिनं नियमाप्रमाणं दर पाचवं घर धरून काम सुरू केलं. तिसरंच घर निघालं ते माडीचं, लोखंडी फाटकाचं. फाटक उघडायला जो बाहेर आला, त्याला तिनं पाहताक्षणी ओळखलं. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, पण तोच. तांदळाचं पोतं घेऊन आलेला. वासुदेवराव.

त्यानं तिला ओळखलं नाही. ओळखणार तरी कसा? त्या दिवशी त्यानं पाहिलं होतं ते एक पदर घेतलेलं डोकं.

“या बाई, बसा. सरकारी हाये का?”

“नाही जी. संस्थेचं आहे. तुमचं नाव कुठंच येणार नाही, फक्त घराचा नंबर. जे वाटते ते मोकळेपणानं सांगा.”

“आडनाव काय म्हनलं तुमचं?”

तिनं माहेरचं सांगितलं. “मेश्राम.”

“अस्सं,” तो म्हणाला, आणि आत पाहून ओरडला, “चहा आना वो. कागदाच्या कपात आना.”

स्वतःचा चहा त्यानं पितळी कपबशीतून घेतला. सरितानं कागदाचा कप बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न वाचला. वासुदेवरावाला बोलायची हौस होती. वाघ जंगलात असावा असं तुम्हाला वाटतं का, या प्रश्नावर तो मांडीवर थाप मारून हसला.

“वाघ पाहिजे ना! पन पुन्याच्या लोकाले पाहिजे, तं पुन्यालेच न्या म्हना. वाघ मेला का दहा गाड्या येतात, साहेब येतात, फोटू काढतात. मानूस मेला का कोन येते? लिवा, लिवा हे.”

सरितानं लिहिलं.

“आन् डुक्कर! डुक्कर एकटं नाई येत बाई, पल्टन येते. एका राती धानाची अर्धी बांधी लोळवून जाते. धान लोंबीवर आला का आमी झोपाचं कवा?”

“मग त्यासाठी तुम्ही काय उपाय करता?”

त्यानं बारीक डोळे केले. “नाव नाई येत म्हनता ना?”

“नाही.”

“तार लावतो. सारं गाव लावते, सांगत कोनी नाई. वावराच्या धुऱ्यावर खुट्या ठोकायच्या, इतभर उंचीवर उघडी तार बांधाची, पान्याच्या मोटारीच्या खोपडीतून लाइन देयाची. संध्याकाळी चालू, सकाळी बंद.”

“काढतं कोण?”

“मीच. गड्यावर भरवसा नाई. सहा वाजता जातो, बटन बंद करतो, तार गुंडाळतो. हलका, लवकर पिकनारा धान कापाले बाया येतात ना, त्यायच्या आधी.”

एक्केचाळिसावा प्रश्न आला. सरितानं तो ज्या आवाजात बाकीचे वाचले होते त्याच आवाजात वाचला. “अशा उपायामुळं डुकराशिवाय दुसरं काही मेलं का? पाळीव जनावर, किंवा माणूस?”

वासुदेवराव तलावाच्या बाजूला पाहू लागला. बशीतला शेवटचा घोट घेतला.

“कुत्रं मेलं एकदा,” म्हणाला. “पुढचं विचारा.”

‘कुत्रे, एक,’ सरितानं लिहिलं. तेव्हा तिला काहीच माहीत नव्हतं.

घरातल्या बाईला विचारायचं म्हणून ती मागच्या अंगणात गेली. वासुदेवरावाची बायको आनंदाबाई सुपात डाळ पाखडत बसली होती. साठीची, हडकुळी, हातात दोनच बांगड्या. अंगणात दुसरं कोणी नव्हतं. सुरुवातीला ती प्रत्येक प्रश्नाला “हव जी” किंवा “मले काय समजते” एवढंच म्हणत होती. बावन्नाव्या प्रश्नावर तिचं सूप थांबलं.

प्रश्न साधा होता: रानातल्या जनावरांपायी तुमच्या घरावर आलेला सगळ्यात वाईट प्रसंग कोणता?

“बाई, तुमी कोनाले सांगान का?” आनंदाबाईनं हळूच विचारलं.

“नाही,” सरिता म्हणाली.

“दहा वर्सं झाली. मी माह्या लेकीलेबी सांगतलं नाई.” तिनं सूप खाली ठेवलं. “एक मानूस होता. वरठीकडचा. रविवारी मासे माराले येत होता. तलावाकडं जाची वाट आमच्या धुऱ्यावरून जाते. त्या दिवशी आमच्या मालकायले झोप लागली, तार काढाले उशीर झाला. गेले तं तो मानूस तारेवर पडला होता. हे पळत आले, मले म्हने, चादर दे. मी चादर देली. म्हने, सेवकरामची बाटली कुठं हाये? सेवकराम आमचा गडी. मी बाटलीबी देली.”

सरिता लिहीत होती. अक्षर वाकडं गेलं नाही.

“दोघायनं उचलून तलावात टाकला. मंग संध्याकाळी सेवकराम माह्यापुढं येऊन रडाले लागला. म्हने, मालकीन, तो जिता होता. त्याचा हात हालत होता. मी मालकाले म्हनलं, दवाखान्यात नेऊ. मालक म्हने, नेला तं सांगंन. टाक.” आनंदाबाईनं पदर तोंडाला लावला. “त्याले बायको होती म्हने बाई. लहान लेकरू होतं. ते कुठं असंन? काय करत असंन?”

अंगणात एक कोंबडी डाळीचे दाणे वेचत होती. सरिता तिच्याकडं पाहत राहिली. आपण आता ओरडू, या बाईच्या झिंज्या धरू, असं तिला एकदा वाटलं. मग तिनं पान उलटलं.

“प्रश्न त्रेपन्न,” ती म्हणाली. “ससा, तितर असले लहान प्राणी खाणं तुम्हाला चुकीचं वाटतं का?”

सगळे पासष्ट प्रश्न तिनं पूर्ण केले. फॉर्मवर घराचा नंबर घातला आणि ती फाटकाबाहेर आली.

त्या दुपारी आसगावच्या घरी रुचिका एकटी फॉर्म तपासत बसली होती. सरितानं तिला विचारलं, “मॅडम, कोणी फॉर्ममध्ये गुन्हा कबूल केला तर? मोठा गुन्हा?”

रुचिकानं चष्मा काढला. “कोणी केला का?”

“विचारून ठेवते.”

“ताई, आपण त्यांना शब्द दिलेला असतो. नाव काढून टाकायचं, नंबर ठेवायचा. आपण पोलीस नाही. उद्या एकानं जरी ऐकलं की हे लोक ऐकून घेतात आणि सांगून टाकतात, तर या जिल्ह्यात कोणी आपल्याला दारात उभं करणार नाही. माझ्यापर्यंत आलं तर मी वर विचारीन. महिना-दोन महिने लागतील.”

मुलगी खोटं बोलत नव्हती. सरिताला ते कळत होतं. पण तिचं मन त्या हाताशी अडकलं होतं. हालणाऱ्या हाताशी. दहा वर्षं तिनं देवासारखा मानलेला तो माणूस पितळी बशीतून चहा पीत म्हणाला होता, कुत्रं मेलं एकदा. ज्याच्या पायावर तिनं कपाळ टेकलं होतं, त्याच पायांनी तो पारीवर चढला होता, अतुलला उचलून. दोन महिने त्याचा तांदूळ आपण शिजवला, पोरीला भरवला. ठाण्यात जावं, तर हातात काय? आनंदाबाई नाकारेल. सेवकराम मालकाचं मीठ खातो. फॉर्म संस्थेचा. पुन्हा लोक मान हलवतील, तशीच.

तिनं दोन दिवस दुसऱ्या गावांत काम केलं. काम चोख केलं. तिसऱ्या दिवशी पाचला उठली, अंघोळ केली, बायांना सांगितलं, “एक घर राहिलं आहे,” आणि स्कूटी काढली.

मोहबोडीच्या शिवारात पोहोचली तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं. धानावर धुकं होतं. गाडी तिनं रस्त्यालगतच्या मोहाच्या झाडाखाली लावली आणि पायी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, गेली. चिखलातल्या खुट्या तिला दिसल्या, खुटीखुटीला बांधलेली तार दिसली. ही ती. वीतभर उंचीची. धुक्यात माणूस पाण्याकडं पाहत चालत असेल तर दिसणारच नाही. ती तारेपासून हातभर लांबून, बांधीच्या आतून चिखल तुडवत मोटारीच्या खोपडीपर्यंत गेली आणि मागं उभी राहिली.

सहाला वासुदेवराव आला. एका हातात काठी, डोक्याला मफलर. खोपडीत जाऊन त्यानं बटन खाली करून लाइन बंद केली, काठीनं एकदा तार दाबून पाहिली आणि टोकाच्या खुटीपासून तार सोडून मनगटाभोवती गुंडाळू लागला. घोटाभर पाण्यात, अनवाणी. दहा-पंधरा पावलं लांब गेला असेल, तशी सरिता खोपडीच्या दारात आली. तिनं हात आत घालून बटनावर ठेवला.

“वासुदेवराव.”

त्यानं वळून पाहिलं. “कोन? अरे, फारमवाली बाई! तुमी इतक्या सकाळी काहून?”

“हालू नका. तार हातातून सोडली तर दाबते.”

तो हसला. मग त्याला तिचा हात कुठं आहे ते दिसलं आणि हसू तोंडावरच राहिलं.

“ओ बाई, काय करून राहिल्या? मजाक नोका करू. तिथून हात काढा.”

“माझं नाव सरिता गजभिये. अतुल गजभियेची बायको. वरठीची.”

त्याच्या तोंडावर काहीच आलं नाही. तो खरोखर आठवत होता. आठवायला त्याला वेळ लागला, आणि तो वेळ सरिताच्या छातीत खिळ्यासारखा गेला. ज्याच्यापायी तिनं दहा वर्षं जाळली, त्याचं नावसुद्धा याला ठाऊक नव्हतं.

“मासेवाला?” तो शेवटी म्हणाला.

“हो. मासेवाला. तुमचं कुत्रं.”

“बाई, तुमाले कोनी काहीबाही सांगतलं. तो पिऊन होता. सारं गाव सांगंन, दारू पिऊन पडला तो पान्यात. बाटली…”

सरितानं बटन दाबलं.

पुढं कित्येकांनी तिला विचारलं, भीती घालायला दाबलं का? रागात हात पडला का? तसं काही नव्हतं. तो ‘बाटली’ म्हणाला, आणि तिनं अंगठ्यानं, नीट पाहून, बटन वर केलं. खट् असा आवाज आला. वासुदेवराव ताठ झाला, त्याचा जबडा आवळला, डोळे पांढरे झाले. आणि काही झालं नाही.

गावची विजेची डीपी पहाटे चारलाच उडाली होती. निम्म्या गावात लाइन नव्हती. तेव्हा लोक झोपेत होते आणि उठेपर्यंत उजाडलं होतं, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. हे नंतर कळलं. त्या घडीला दोघांनाही एवढंच कळलं की बटन दाबलं गेलं आहे.

सरितानं पुन्हा खाली केलं, पुन्हा वर केलं. खट्. खट्. वासुदेवराव पाण्यात मटकन बसला. धोतर भिजलं, ते चिखलानं नव्हे. मनगटावर गुंडाळलेली तार त्याला सुटेना. ओढू पाहिलं तसा फास आणखी आवळला, आणि तो लहान पोरासारखा ओरडू लागला.

“मारू नोको! मारू नोको मले माय! जिता होता तो! मीच टाकला पान्यात! सेवकरामनं नाई, मी! जिता होता, मले भेव वाटलं, मी टाकला! बाटली मीच ठेवली! मारू नोको!”

धुऱ्यावरून धान कापायला निघालेल्या सहा बाया हातातले विळे तसेच धरून उभ्या होत्या. सगळ्यांत पुढं होती गुलाब, टोळीची मुकादम. तिनं सगळं ऐकलं. वासुदेवराव अजून ओरडतच होता, आणि सरिता अजून बटन खालीवर करत होती. गुलाब चिखलातून आली आणि तिनं सरिताचं मनगट धरलं.

“बस झालं वो माय,” ती म्हणाली. “लाइन नाई गावात. सोड.”

सरिताला ते शब्द कळायला वेळ लागला. मग तिनं हात सोडला, आणि तिला पहिल्यांदा जाणवलं की आपले पाय थंडीनं बधिर झाले आहेत.

तिथून ती थेट ठाण्यात गेली. गुलाब आणि आणखी तिघी तिच्याबरोबर गेल्या. त्या दिवशीची मजुरी बुडाली तरी गेल्या. ठाणेदारानं सगळं लिहून घेतलं आणि मग विचारलं, “तुम्ही त्याला भीती दाखवायला बटनावर हात ठेवला होता, असंच ना?”

“दाबलं,” सरिता म्हणाली. “पुन्हापुन्हा.”

“बाई, विचार करून बोला.”

“विचार करूनच दाबलं.”

त्यामुळं दोन गुन्हे नोंदले गेले, एक वासुदेवरावावर आणि एक तिच्यावर. तिला जामीन मिळाला. वासुदेवरावाला मिळाला नाही, कारण दुसऱ्याच दिवशी सेवकराम काठी टेकत स्वतः ठाण्यात आला. म्हणाला, दहा वर्षं मी त्या तलावाचा मासा खाल्ला नाही, आता सांगून टाकू द्या.

संस्थेनं सरिताला काढून टाकलं. रुचिका स्वतः वरठीला आली होती. ती रागावली नव्हती, पण बसलीही नाही. “तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही,” ती दारातच म्हणाली. “पण मोहबोडीचे सगळे फॉर्म बाद केले. आजूबाजूच्या चार गावांनी आम्हाला यायचंच नाही म्हणून सांगितलं.” सरितानं ऐकून घेतलं. मुलीचं म्हणणं खरं होतं, आणि त्याचं तिला वाईटही वाटलं. वाईट वाटूनही, पुन्हा ती सकाळ आली असती तर ती पुन्हा गेली असती.

भंडाऱ्याच्या कोर्टात खटला अडीच वर्षं चालला. पहिल्याच तारखेला व्हरांड्यात आनंदाबाई तिच्यासमोर आली. केस विस्कटलेले, डोळे कोरडे.

“मी तुले बहीन समजून सांगतलं,” ती म्हणाली. “तू म्हनली कोनाले सांगत नाई. माह्या घराचं तू वाटोळं केलं. तुह्या जिभेले किडे पडतील.”

सरिता उभी राहिली. तिला उत्तर देता आलं असतं. बाटली कोणी दिली होती, हे ती विचारू शकत होती. आरोपी नसली तरी त्या बाईचा हात त्यात होता. पण ज्या दिवशी तिला ते सगळं कळलं, त्या दिवशी ते सांगणारी बाई रडत होती आणि आपण पुढचा प्रश्न वाचत होतो, हेही खरंच होतं.

“ताई, तुमच्याशी मी बेइमानी केली,” ती म्हणाली. “अतुलशी नाही केली.”

आनंदाबाई तिच्या अंगावर थुंकली आणि निघून गेली. सरितानं पदरानं पुसलं. पुढच्या प्रत्येक तारखेला आनंदाबाई नवऱ्याचा डबा घेऊन यायची, आणि सरिता पुढच्या बाकावर, वासुदेवरावाला दिसेल अशी बसायची. एकही तारीख तिनं चुकवली नाही. तो पोलिसांमधून यायचा तेव्हा खाली पाहायचा. ती त्याच्याकडं पाहत राहायची. दर खेपेला तो थोडा वाळलेला असायचा, आणि ते पाहताना तिला बरं वाटायचं. ते ती कोणापासून लपवत नव्हती.

निकालाच्या दिवशी दीपमाला हट्टानं बरोबर आली. सतरा वर्षांची झाली होती. जन्मठेप ऐकल्यावर वासुदेवरावानं कठड्याला धरलं. बाहेर आल्यावर गुलाबनं सरिताला मिठी मारली. विहारातली दोन माणसं आली होती, ती म्हणाली, आनंदरावजी आज पाहिजे होते. दुपारचं ऊन तापलं होतं. मायलेकी वरठीच्या ऑटोची वाट पाहत झाडाखाली उभ्या राहिल्या. सरितावरचा खटला अजून पुढं होता. वकील म्हणाला होता, कदाचित शिक्षा होईल, कदाचित नाही.

“आई,” दीपमाला म्हणाली. “तू खरंच दाबलं होतं?”

“हो.”

“लाइन असती तं?”

“तं मेला असता.”

“मंग?”

“मंग मी आत आणि तू तुह्या आत्याकडं,” सरिता म्हणाली. “तेही ठरवलं होतं. आत्याले चिठ्ठी लिहून गेली होती मी.”

दोन ऑटो भरून गेले, दीपमालानं हात केला नाही. घरात बापाचा फोटो होता, पण त्याच्याबद्दल तिनं कधी काही विचारलं नव्हतं. विचारलं की बाटलीपाशी येऊन थांबायचं, म्हणून दोघीही तिकडं जात नसत.

“बाबा गळाले काय लावत होते?” तिनं विचारलं. “कनीक?”

“छ्या! कनीक नाही,” सरिता म्हणाली. “गांडूळ. कनकेले बारके मासे येतात म्हणे. आपल्या मोरीमागं ओली जागा होती ना, तिथं शनिवारी संध्याकाळी खणत बसायचे. डबीत माती घालून ठेवायचे. एकदा डबीचं झाकण उघडं राहिलं आणि सगळी गांडुळं तुह्या आजोबायच्या पलंगाखाली…”

दीपमाला हसली. ऑटो आला. आत जागा एकच होती, म्हणून त्यांनी तोही सोडून दिला, आणि सरिता पुढं सांगत राहिली.